काचेवरची गोळी आणि काचेची साक्ष

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघाले, की रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी मोटारींच्या काचांचा चुरा पडलेला दिसतो. जरा थांबून पाहिले, तर हा चुरा दोन तऱ्हांचा असल्याचे लक्षात येते. एक तऱ्हा खडीसाखरेच्या खड्यांसारखी: बोथट कडांचे, जवळजवळ सारख्या आकाराचे तुकडे. दुसरी तऱ्हा अगदी वेगळी. तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेलेला आख्खा पत्राच पडलेला असतो; वाकवला तर वाकतो, पण त्याचे तुकडे सुटत नाहीत. पहिली काच मोटारीच्या दारांची किंवा मागची, दुसरी पुढची. एकाच गाडीत दोन जातींच्या काचा का बसवतात? आणि त्यांच्यावर दगड किंवा माणसाचे डोके न आदळता पिस्तुलाची गोळी आदळली तर काय होते?

दुसरा प्रश्न वर्गात विचारला तर उत्तरे तयार असतात, कारण ती सिनेमाने शिकवलेली असतात. पडद्यावर नायक गाडीत खाली वाकतो आणि वाचतो. खलनायक समोरून नेम धरतो आणि गोळी सुतासारखी सरळ जाते. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी बहुधा खोट्या ठरतात. हा विषय केवळ कुतूहलाचा असता तर त्यावर एवढी पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु 'गोळी आधी कोणी झाडली, गाडीतल्यांनी की बाहेरच्यांनी?' या प्रश्नावर माणसांचे प्राण, अब्रू आणि शिक्षा अवलंबून राहिलेल्या आहेत. अशा वेळी साक्षीदार बोलोत वा न बोलोत, काच बोलत असते. तिची भाषा समजून घ्यायची तर आधी तिचा इतिहास पाहायला हवा.

वारा अडवण्यापुरती काच

पहिल्या मोटारींना पुढची काच नव्हतीच. वेग वाढू लागला तसा वारा, धूळ आणि किडे तोंडावर येऊ लागले, तेव्हा चौकटीत साध्या काचेचा पत्रा बसवण्यात आला. हा पत्रा खिडकीच्याच काचेचा असे आणि जवळजवळ उभा असे. अपघात झाला म्हणजे त्याचे सुऱ्यांसारखे लांब तुकडे होत आणि ते आतल्या माणसांच्या मानेत, चेहऱ्यात घुसत. मोटारीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत धडकेइतकीच काचेचीही धास्ती होती.

त्याच काळात आपल्या पुणे जिल्ह्यात काचेचा एक महत्त्वाचा प्रयोग चालू होता. एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. त्यामागे अंताजी दामोदर काळे यांची चिकाटी आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले काच कारखाना निघाला आणि त्याचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. या कारखान्यांनी मोटारीच्या काचा केल्या नाहीत. पण काच का फुटते हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. कंदिलाच्या तापलेल्या चिमणीवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. थेंब पडलेला भाग एकदम आकसू पाहतो, भोवतीचा गरम भाग त्याला आकसू देत नाही, त्यामुळे तेथे ताण निर्माण होतो. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र फार थोडा सोसते. हे एक वाक्य लक्षात ठेवले की पुढचा सगळा लेख समजतो.

१२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने अडवली. गाडीत त्याच्याबरोबर मुमताज बेगम होती आणि तिला पळवून नेण्याचा बेत होता. गोळीबारात बावला मरण पावला. गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तेथे अचानक पोचले म्हणून मुमताज वाचली आणि हल्लेखोर पकडले गेले. प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि १९२६ साली तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. मोटारीवर पिस्तुलाने केलेल्या हल्ल्याचे हे आपल्याकडचे सर्वांत गाजलेले जुने प्रकरण. त्या काळच्या बहुतेक मोटारी उघड्या, कापडी टपाच्या असत. काच आडवी येण्याचा प्रश्न क्वचितच उद्भवे. पुढच्या दहा वर्षांत मात्र मोटार बंद झाली, पत्र्याची झाली आणि काचही बदलली.

फुटूनही न सांडलेली कुपी

१९०३ साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून प्रयोगशाळेतली एक काचेची कुपी खाली पडली. ती फुटली, पण तुकडे विखुरले नाहीत. कुपीत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते. ते सुकून आतून पातळ पापुद्रा बसला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते. मोटार-अपघातांत काचेने होणाऱ्या जखमांशी या घटनेचा संबंध जोडून त्याने दोन काचांच्या मध्ये असा थर घालण्याची युक्ती काढली आणि १९०९ साली तिचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना ही काच वापरली गेली. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीला पुढे अशीच थरांची काच होती. तिच्यातला नायट्रेटचा थर उन्हाने पिवळा पडे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जागी पॉलिव्हिनाइल ब्युटिराल, म्हणजे पीव्हीबी, हे प्लॅस्टिक आले आणि ते आजतागायत टिकून आहे.

दुसरी वाट निराळीच होती. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीचा एक मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही. शेपटी मोडली की मात्र क्षणात भुकटी होते. राजपुत्र रूपर्टने १६६० च्या सुमारास हे मणी इंग्लंडमध्ये नेले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. बाहेरचा भाग आधी थंड होऊन घट्ट होतो, आतला नंतर आकसतो आणि बाहेरच्याला आत ओढतो. त्यामुळे पृष्ठभागावर कायमचा दाब व पोटात कायमचा ताण राहतो. काच ताणाने फुटते, म्हणून पृष्ठभागावर आधीच दाब असला तर तेवढा दाब संपेपर्यंत ती फुटणार नाही. पण चीर एकदा पोटातल्या ताणापर्यंत पोचली, की साठवलेली सगळी ऊर्जा मोकळी होते. चंद्रशेखर आणि चौधरी या शास्त्रज्ञांनी १९९४ साली अतिवेगवान छायाचित्रणाने दाखवून दिले की या मण्यांतल्या भेगा सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावतात. फ्रान्समध्ये ला बास्तीने १८७४ साली तापलेली काच तेलात बुडवून, आणि पुढे इतरांनी हवेच्या झोताने थंड करून, याच तत्त्वावर मोटारीच्या दारांना बसते ती 'टफन्ड' काच तयार केली.

वालचंदनगर ते कुर्ला

आता पुन्हा इंदापूर तालुक्यात येऊ. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी या तालुक्यात ऊस लावला, साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर हे गाव वसले. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ साली तिच्या मुंबईतल्या कुर्ला येथील कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे मराठी मध्यमवर्गाने जिला 'फियाट' म्हणून ओळखले आणि जिचे नाव नंतर 'पद्मिनी' झाले, ती याच कारखान्यातली.

त्या पिढीच्या गाड्यांना पुढेसुद्धा सर्रास टफन्ड काच असे. ती स्वस्त पडे आणि फुटली तरी सुरे होत नसत. पण तिच्यात एक मोठा धोका होता. उसाच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एखादा खडा लागला, की आख्खी काच क्षणात पांढरीधोप होई. चालक ताशी साठ किलोमीटर वेगात असताना आंधळा होई. जुने चालक सांगत, अशा वेळी मुठीने काचेला भोक पाडायचे आणि त्यातून रस्ता पाहायचा. अखेर १९९३ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १९९६ पासून, तयार होणाऱ्या वाहनांना पुढची काच थरांची, म्हणजे 'लॅमिनेटेड', असणे सक्तीचे झाले. दुचाकी व शेतीचे ट्रॅक्टर तेवढे वगळले गेले. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या कारखान्यात तयार होणाऱ्या तीनचाकीलाही हा नियम लागू होतो. तिच्या शेजारून उसाच्या गाड्या ओढत जाणाऱ्या ट्रॅक्टरला होत नाही.

डोके अडते, गोळी अडत नाही

मोटारीची पुढची काच म्हणजे साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचे दोन पत्रे आणि मध्ये सुमारे पाऊण मिलिमीटर पीव्हीबी. या काचेवर काय काय आदळू शकते याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन.

रस्त्यावरचा १० ग्रॅमचा खडा ताशी १०० किलोमीटर वेगाने लागला तर सुमारे ४ जूल. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटरने आला तर सुमारे १२० जूल. पट्टा न बांधलेल्या प्रवाशाचे साधारण ५ किलोचे डोके ताशी ४० किलोमीटरने आदळले तर सुमारे ३०० जूल. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या .३८ रिव्हॉल्व्हरची ११.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला १९० मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा सुमारे २०० जूल. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची ७.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटरने जाते. तिची सुमारे ४९० जूल, म्हणजे एक किलोचा दगड ५० मीटर उंचीवरून पडला तर जेवढी होईल तेवढी. एके-४७ रायफलची मात्र २००० जूलच्या घरात जाते.

डोके आणि पिस्तुलाची गोळी यांची ऊर्जा एकाच पंगतीतली आहे, हे पाहून विद्यार्थी चकित होतात. मग काच डोक्याला अडवते आणि गोळीला का अडवत नाही? उत्तर दोन गोष्टींत आहे: क्षेत्रफळ आणि वेळ. डोके तळहाताएवढ्या जागेवर टेकते. काच तडकते, पण तुकडे पीव्हीबीला चिकटून राहतात. पीव्हीबी रबरासारखे ताणले जाते, पिशवीसारखे फुगते आणि काही मिलिसेकंदांत ऊर्जा पचवते. नऊ मिलिमीटरच्या गोळीला टेकायला जेमतेम पाऊण चौरस सेंटिमीटर जागा असते आणि ती सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात आरपार जाते. तेवढ्या वेळात आजूबाजूच्या पीव्हीबीला 'ताण आला' ही बातमीही धड पोचत नाही. गोळीसमोरची काच चुरडून पीठ होते, प्लॅस्टिकला भोक पडते आणि गोळी पुढे निघून जाते. तात्पर्य, थरांची काच ही अपघातासाठी केलेली आहे, बंदुकीसाठी नव्हे. जिला बोलीत 'बुलेटप्रूफ' म्हणतात ती काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या अनेक थरांची, कित्येक पटींनी जाड व जड अशी वेगळीच वस्तू आहे.

वाकडी वाट

तरीही गोळी आत शिरते ती पूर्वीची राहत नाही. काच शिशापेक्षा आणि तांब्यापेक्षा खूप कठीण असते. गोळीचे नाक चपटे होते, तिच्या शिशाच्या गाभ्यावरचे धातूचे आवरण फाटते, कधी गाभा आणि आवरण वेगळे होऊन दोन वाटांनी जातात. शिवाय काच तिरपी असते. जुन्या जीपची काच जवळजवळ उभी. आजच्या मोटारीची जमिनीशी सुमारे ३० अंश. समोरून आडव्या येणाऱ्या गोळीला ३० अंशांत झुकलेली ५ मिलिमीटरची काच १० मिलिमीटर जाड लागते, कारण ३० अंशांची ज्या अर्धा आहे. त्रिकोणमितीच्या तासाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

तिरप्या काचेतून जाताना गोळीची दिशाही बदलते. अनुभव असा, की ती बहुधा काचेच्या लंबाकडे वळते. म्हणून बाहेरून आत झाडलेली गोळी नेमापेक्षा खाली जाते आणि आतून बाहेर झाडलेली वर जाते. प्रकाशाचा किरण काचेत शिरताना लंबाकडे वळतो, त्याची येथे आठवण होते. पण साम्य वरवरचे आहे. प्रकाश त्याच्या बदललेल्या वेगामुळे वळतो आणि बाहेर पडताना पुन्हा पहिल्या दिशेला येतो. गोळी वळते ती एका बाजूने चपटी झाल्यामुळे आणि अडथळा दोन्ही बाजूंना सारखा नसल्यामुळे, आणि एकदा वळली की वळली. कोन फारच उथळ असेल तर ती काचेत न शिरता घसरूनही जाते.

अमेरिकेत दारूबंदीच्या काळात गुन्हेगार पत्र्याच्या बंद मोटारी वापरू लागले, तेव्हा पोलिसांच्या जुन्या मंद गोळ्या अपुऱ्या पडू लागल्या. त्यातूनच १९२९ साली .३८ सुपर आणि १९३५ साली .३५७ मॅग्नम ही अधिक वेगाची काडतुसे आली. एप्रिल १९८६ मध्ये मायामी येथील चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेने गोळ्यांच्या चाचण्यांची पद्धत ठरवली. त्यात मोटारीची थरांची काच ४५ अंशांत झुकवून, शिवाय बाजूलाही थोडी वळवून तिच्यातून गोळी झाडतात आणि पलीकडे ठेवलेल्या जिलेटिनमध्ये ती किती खोल जाते ते मोजतात. कापड, पत्रा, लाकूड आणि काच या अडथळ्यांत गोळीचे सर्वांत अधिक हाल काच करते, हे त्या चाचण्यांनी वारंवार दाखवले आहे.

पुण्यातही १० ऑगस्ट १९८६ रोजी निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची त्यांच्या मोटारीत हत्या झाली. मोटारसायकलवरून आलेले मारेकरी गाडीच्या शेजारी आले आणि त्यांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. असा हल्ला बाजूने होतो तेव्हा पुढच्या काचेच्या उताराचा प्रश्नच उरत नाही. बाजूची काच टफन्ड असते. ती वर असली तरी पहिल्याच गोळीला तिचे खडे होतात आणि दुसऱ्या गोळीला अडथळाच राहत नाही.

काचेची साक्ष

हाच फरक तपासाच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. टफन्ड काच खळ्ळकन खाली पडते आणि आपल्याबरोबर भोकाचा पुरावाही नेते. थरांची काच मात्र चौकटीत राहते आणि तिच्यावर घटनेचा वृत्तांत लिहिलेला असतो. तो वाचायचा कसा?

पहिली खूण भोकाच्या आकाराची. गोळी ज्या बाजूने शिरते तिकडे भोक लहान आणि ज्या बाजूने निघते तिकडे काचेच्या कपच्या उडून खळगा मोठा. नरसाळ्याचे रुंद तोंड गोळी कोणीकडे गेली ते दाखवते.

दुसरी खूण तड्यांची. साध्या काचेच्या पत्र्याला गोळी ढकलते तेव्हा पत्रा मागे वाकतो. वाकलेल्या पत्र्याच्या मागच्या पृष्ठावर ताण येतो आणि काच ताणाने फुटते. म्हणून भोकापासून बाहेर धावणारे, आऱ्यांसारखे तडे मागच्या बाजूने सुरू होतात. मग आऱ्यांमधल्या पाकळ्या मागे ढकलल्या जातात, त्यांच्या पुढच्या पृष्ठावर ताण येतो आणि भोकाभोवतीचे वर्तुळाकार तडे पुढून सुरू होतात. तुकड्याच्या जाडीवर शंखासारख्या वक्र रेघा दिसतात. त्या एका पृष्ठाला काटकोनात भेटतात आणि दुसऱ्याकडे निमुळत्या होतात. आऱ्याच्या तड्यावर काटकोन मागच्या बाजूला असतो. थरांच्या काचेत दोन पत्रे वेगवेगळे तडकतात, म्हणून हा नियम तेथे जपून वापरावा लागतो. टफन्ड काचेला तो लागूच पडत नाही.

तिसरी खूण सर्वांत सोपी आणि सर्वांत सुंदर. तडा काच जोडलेली असेल तेथवरच धावतो. आधीच्या गोळीचा तडा वाटेत आला की नंतरच्या गोळीचा तडा तेथेच थांबतो. म्हणजे दोन भोकांपैकी पहिले कोणते, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येते.

ही विद्या किती मोलाची आहे याचे एक उदाहरण दिल्लीतले आहे. ३१ मार्च १९९७ रोजी कॅनॉट प्लेस भागात पोलिसांनी एका मोटारीवर गोळीबार केला. गुंड म्हणून ज्यांना मारले ते दोन निरपराध व्यावसायिक होते आणि तिसरा जखमी झाला. गाडीतून आधी गोळी आली, म्हणून आम्ही झाडल्या, असा बचाव पोलिसांनी केला; गाडीत एक पिस्तूलही 'सापडले'. न्यायालयांनी हा बचाव मान्य केला नाही. पिस्तूल नंतर ठेवलेले होते असा निष्कर्ष निघाला आणि दहा पोलिसांची जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. 'गोळी आतून की बाहेरून' हा प्रश्न पुस्तकी नाही, तो असा असतो.

काच कधी पुरावा होण्याआधी पडदाही होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीपुढे पळवलेली स्कोडा मोटार येऊन थांबली. पोलिसांनी पुढचे दिवे बंद करून आतला दिवा लावायला सांगितले. चालवणाऱ्या अतिरेक्याने दिवे प्रखरच ठेवले आणि पुढच्या काचेवर पाण्याचा फवारा सोडून वायपर चालू केले, त्यामुळे आत कोण आहे ते पोलिसांना दिसेना. नंतर गाडी वळवताना दुभाजकावर अडकली. पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांनी अबू इस्माईल जखमी होऊन मरण पावला. नुसती लाठी हाती असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. ते हुतात्मा झाले आणि कसाब जिवंत हाती लागला. गोळी अडवू न शकणारी काच नजर मात्र अडवू शकते, हे त्या रात्री दिसले. २०१२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली, तिच्यामागेही हीच चिंता होती. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आला पाहिजे, हा नियम त्या निकालाने ठळक झाला.

साखरेची काच

गोळीचा प्रयोग वर्गात करायचा नाही, हे सांगायला नको. पण तड्यांची भाषा शिकायला बारामती-इंदापूरच्या शाळांइतकी सोयीची जागा नाही, कारण येथे साखर घरची आहे. साखरेचा पाक स्फटिक न होऊ देता झटकन थंड केला की त्याची काचच होते. सिनेमात फुटणाऱ्या बाटल्या व खिडक्या पूर्वी अशा साखरेच्या काचेच्या करीत.

दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी आणि लिंबाचे काही थेंब एकत्र उकळावेत. लिंबामुळे काही साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि स्फटिक बनण्यास अटकाव होतो. पाक १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला, म्हणजे त्याचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक होऊन कट्कन मोडू लागला, की तेल लावलेल्या ताटात पातळ ओतावा. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. या पाकाचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो. एका ताटात नुसता पाक ओतावा. दुसऱ्यात पातळ थर ओतून त्यावर मलमलचे कापड पसरावे आणि वर पुन्हा पातळ थर ओतावा. निवाल्यावर दोन्ही चकत्या एकेका पातेल्याच्या काठावर ठेवाव्यात, म्हणजे मध्ये पोकळी राहील आणि चकतीला वाकायला वाव मिळेल. वरून गोटी सोडावी. विद्यार्थ्यांनी डोळ्यांना चष्मा लावावा.

नुसती चकती तुकडे होऊन पातेल्यात पडेल. कापडाची तडकून जागीच राहील. बेनेदिक्तुसची कुपी आणि इंदापूरच्या रस्त्यावरचा जाळीदार पत्रा, दोन्ही एका ताटात भेटतील. कापडाच्या चकतीवर थोड्या अंतरावर दुसऱ्यांदा गोटी सोडून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी, जे विद्यार्थी त्या वेळी हजर नव्हते त्यांना ती दाखवून विचारावे: पहिला आघात कोणता? ते तड्यांचा मागोवा घेतील, कुठला तडा कुठे थांबला ते पाहतील, आपसांत वाद घालतील. वादाचा निकाल मात्र कोणी मोठ्याने बोलले म्हणून लागू नये. कोणी काही म्हणो, थांबलेला तडा नंतरचा, हे ज्या मुलाने एकदा आपल्या बोटाने तपासले, तो पुढे कधी वृत्तपत्रात 'गाडीतून आधी गोळी आली' असे वाचील, तेव्हा काचेकडे कोणी पाहिले होते का, हे तो नक्की विचारील.